हालवारची निवळशंख बाटली

बाटल्या बर्फात पुरून दीड तास झाला होता. सुंडनेस या मच्छीमारांच्या गावातल्या प्रार्थनाघरात साठएक माणसं कोंबलेली होती, आणि समोरच्या कॉफीत एकाचंही लक्ष नव्हतं. जो तो मान उंचावून खिडकीबाहेर बघत होता. तिथं भिंतीलगतच्या बर्फातून सोळा बाटल्यांची बुचं वर आलेली दिसत होती. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला जाळ्याच्या दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नाव. सोळा नावं, सोळा दुखणी.

“काढू का बाहेर?” टोरलाइफनं विचारलं. “की रोगाला अजून जरा कुडकुडू देऊ?”

लोक हसले. टोरलाइफला माणसं हसवता छान यायची. ऑक्टोबरात तो दक्षिणेकडून बोटीनं आला तेव्हा त्याच्याजवळ एक पेटी, तेलाचे दोन डबे आणि एक पांढराशुभ्र लोकरी सदरा एवढंच होतं. हात मऊ, नखं स्वच्छ. आयुष्यात त्यानं एक मासाही चिरला नसावा. आणि तो कॉड माशाच्या यकृताच्या तेलाबद्दल अशा लोकांना शिकवत होता, ज्यांच्या सात पिढ्या ते तेल काढण्यात गेल्या होत्या.

तेल गावाला नवं नव्हतंच. सूर्य खाली उतरायला लागला की सुंडनेसच्या घराघरात बाटली बाहेर निघे. न्याहारीआधी एक चमचा. पोरं नाक दाबून गिळत, म्हातारे वर ओठ चाटत. वर्षातले कित्येक आठवडे ऊन न दिसणाऱ्या गावाला त्या चमच्याचा आधार होता, आणि तो आधार खरा होता. टोरलाइफनं त्या खऱ्या चमच्यावर आपला खोटा इमला चढवला होता.

पहिली बाटली आत आली. दुकानवाल्या योरुनची. तळाशी तीन बोटं पांढरा गाळ, वरचं तेल दुधाळ.

“बघा!” टोरलाइफनं ती दिव्यासमोर धरली. “हा योरुनबाईंचा संधिवात. तीन रात्री मी भरून दिलेली बाटली छातीशी धरून निजल्या, तेलानं अंगातलं सगळं ओढून घेतलं. आता थंडी लागली की रोगाला लपायला जागा उरत नाही. पांढरा पडतो बिचारा आणि खाली बसतो. माणूस खोटं बोलतो, डॉक्टर खोटं बोलतो, तेल खोटं बोलत नाही!”

“पण माझे केस गळतायत हो,” योरुन म्हणाली. “आणि डोकं दुखतं सारखं.”

“दुखणारच! भाडेकरू घर सोडताना आदळआपट करतोच की. तीनाचे सहा चमचे करा. वर माझ्या त्या नऊ जीवनसत्त्वांच्या वड्या, दोन सकाळी, दोन संध्याकाळी.”

“आणि डॉक्टरांच्या गोळ्या?” मागून कुणीतरी विचारलं.

“मी कुणाची निंदा करत नाही,” टोरलाइफनं छातीवर हात ठेवला. “पण गोळ्या आणि हे तेल एका पोटात नांदत नाहीत. सवती आहेत त्या. गोळीनं तेल गढूळतं. पुढचं ज्याचं त्यानं ठरवावं.”

स्वयंपाकघराच्या दारात गुनवोर कॉफीची किटली घेऊन उभी होती. कधी या पायावर, कधी त्या. सेहेचाळीस वर्षांची ही बाई आई गेल्यावर शहरातली नोकरी सोडून बापाजवळ राहायला आली होती. नोकरी तेलाच्या कारखान्यात होती, प्रयोगशाळेत. तिथं अकरा वर्षं तिनं नेमकं हेच केलं होतं: तेलाची बाटली थंडीत ठेवायची आणि काय होतं ते बघायचं. फक्त तिथं कुणी प्रार्थना म्हणत नसे. बर्फातून निघालेली पहिलीच बाटली पाहून तिनं ऑक्टोबरात सगळं ओळखलं होतं.

“आणि आता आपले हालवार!” टोरलाइफ म्हणाला.

बाकावरून तिचा बाप उठला. चौऱ्याहत्तर वर्षं, त्यातले अठ्ठेचाळीस हिवाळे समुद्रावर. ऑक्टोबरात त्याची बाटली ताकासारखी निघाली होती, डिसेंबरात अर्धीमुर्धी. आज टोरलाइफनं ती हळूच, लोकांची उत्कंठा ताणत, वर उचलली.

निवळशंख! सोनेरी तेलातून खिडकीचे गज दिसत होते. प्रार्थनाघरात एकच गलका उठला.

“अरे, ही दारू असती तर किती बरं झालं असतं!” हालवार ओरडला. त्यानं योरुनची कंबर धरली आणि बाकांमधल्या जागेत तिला दीड गिरकी दिली. दुसरी गिरकी पुरी झाली नाही. तो मटकन बसला, छाती भात्यासारखी हलायला लागली.

“जुनं इंजिन!” तो धापा टाकत म्हणाला. “तापायला वेळ लागतो.”

सगळे हसले. किटलीचं झाकण उगाच काढून पुन्हा लावत गुनवोरही हसली. बायको गेल्यावर दोन वर्षं हा माणूस जेवताना एक शब्द बोलला नव्हता. ऑक्टोबरापासून बोलायला लागला होता. त्याच्या हसण्यावर विरजण घालणारी ती कोण? तेलच तर होतं. तेलानं कुणाचं काय वाईट होतंय?

घरी जाताना वाटेवर मासे सुकवायच्या मांडवांवर नवा कॉड चढत होता. हालवार तीनदा थांबला.

“मासे बघतो जरा.”

“बघा ना.”

“यंदा मोठे आहेत.”

“हो, मोठे आहेत.”

त्याच्या बुटांच्या नाड्या वरच्या तीन भोकांत ओवलेल्याच नव्हत्या. पाय सुजले की तो असं करायचा. गुनवोरनं ते पाहिलं. सोमवारी डॉक्टरांना फोन करायचा, असं मनाशी ठरवून ती पुढं चालू लागली.

जेवायला उकडलेला मासा, यकृत आणि गाभोळी होती. त्यानं बाटली समोर खिडकीत ठेवली होती आणि घासागणिक तिच्याकडे बघत होता.

“गुनवोर.”

“हं.”

“तू अकरा वर्षं कारखान्यात हेच बघत होतीस ना? तेल?”

“हेच.”

“मग सांग की. माझी बाटली कशी काय आहे?”

तिनं धुतलेली बशी पुन्हा पाण्याखाली धरली. मग पुसली. मग पुन्हा पुसली.

“तेल चांगलं आहे, बाबा.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्यानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर यात कुठंच नव्हतं.

हालवार खूष झाला. त्यानं घरच्या तेलाच्या बाटलीतून चमचा काठोकाठ भरला आणि तिच्यासमोर धरला. “चल. नाक दाब.”

“बाबा, मी आता काय लहान आहे?”

“नाक दाब म्हणतो ना!”

तिनं नाक दाबलं, तोंड उघडलं. तो पोटभर हसला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर किटली शिट्टी वाजवत होती आणि हालवार दाराजवळच्या बाकावर बसलेला होता. एका पायात बूट, दुसरा हातात. गुनवोरनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

डॉक्टर मोस्टाद दुपारच्या बोटीनं आल्या. त्यांनी हालवारच्या पोटरीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला.

“सूज उतरवणारी लघवीची गोळी आणि हृदयाची गोळी, दोन्ही चालू होत्या ना?”

“रोज. मी स्वतः बशीत काढून ठेवायचे.”

“घेताना बघत होतात?”

गुनवोर त्या वेळी चुलीकडे तोंड करून कॉफी गाळत असे.

गोळ्या मंगळवारी सापडल्या. त्याचा समुद्रावरचा जुना डगला ती उचलून ठेवत होती, तर आतल्या खिशात गळाच्या आकड्यांची डबी खुळखुळली. आकडे नव्हते. डिसेंबरपासूनच्या गोळ्या होत्या, काही ओलसरपणानं एकमेकींना चिकटलेल्या, खिशातल्या लोकरीचे धागे लागलेल्या. रोज सकाळी तिच्या पाठीमागं त्यानं त्या तिथं टाकल्या होत्या. बाटली गढूळ होऊ नये म्हणून.

त्यानंतर तिला बसवेना. ती स्वच्छ कप धुवायची. धक्क्यापर्यंत जायची, परत यायची, काही विसरल्यासारखी पुन्हा जायची. पुस्तक उघडायची, एक पान वाचायची, ठेवून दुसरं घ्यायची. शोकाला पायऱ्या असतात असं तिनं वाचलं होतं. तिला एकाही पायरीवर टेकता येत नव्हतं.

गुरुवारी हालवारला मातीआड केलं. दफनभूमीच्या फाटकात टोरलाइफनं तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

“निर्मळ होऊन गेला हो. भाग्यवंताचं मरण. निरोगी मेला.”

“निरोगी मेला?”

“बाटली पाहिलीत ना तुम्ही? तेल खोटं बोलत नाही.”

त्याच्यामागं योरुन उभी होती. डोक्याला घट्ट रुमाल. ओठांचे कोपरे फाटलेले, बोटांची कातडी सोलपटत होती. तिनं गुनवोरला मिठी मारली आणि कानात म्हणाली, “मीसुद्धा सोडल्या गं रक्तदाबाच्या गोळ्या. परवाच्या शनिवारी हालवारच म्हणाला, हिंमत कर योरुन, माझ्याकडं बघ.”

गुनवोर तिच्या मिठीतून सुटली आणि भरभर घराकडे चालायला लागली. बाप गेला होता, त्याला आता काही सांगता येणार नव्हतं. पण योरुन अजून होती. त्या चिठ्ठ्यांमधली बाकीची सगळी नावं अजून होती.

घरी न जाता ती मध्येच वळली आणि टोरलाइफच्या खोलीवर गेली.

“एक बाटली भरून द्या. घरी एक आजारी आहे. नाव स्टाइनार.”

“कोण लागतो?”

“नातं जुनं आहे. अंथरुणातून उठवत नाही, म्हणून मीच आले.”

टोरलाइफनं मान हलवत पलंगाखालचा निळ्या झाकणाचा डबा ओढला आणि बाटली भरली. शेजारचा लाल झाकणाचा डबा त्यानं सरकवून ठेवला. गुनवोरनं दोन्ही डब्यांकडे नीट पाहून घेतलं.

*

शनिवारी प्रार्थनाघर पुन्हा भरलं. हालवारच्या जागेवर कुणीतरी मेणबत्ती लावून ठेवली होती. टोरलाइफनं ती संधी साधून घेतली. बोलताना दोनदा डोळे पुसले. भजनं झाली, कॉफी झाली, बाटल्या आत आल्या.

“स्टाइनार,” त्यानं चिठ्ठी वाचली आणि बाटली दिव्यापाशी नेली. पांढरीफटक. त्यानं जीभ चुकचुकवली. “अरेरे. फुप्फुसं भरली आहेत. आणि हे खाली जे जाड बसलंय ना, ते यकृताचं. याचं यकृत फार खराब आहे हो. पण वेळ गेलेली नाही. गुनवोरबाई, सहा चमचे, आणि वड्या...”

“यकृत खराब आहे म्हणता?”

“शंकाच नको.”

गुनवोरनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली आणि आतली वस्तू टेबलावर ठेवली. सुक्या कॉडचं डोकं. जबडा वासलेला, डोळ्यांच्या जागी दोन भोकं, गालफडाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: स्टाइनार.

“हा स्टाइनार. दोन रात्री बाटली याच्याजवळ होती. गेल्या वर्षीपासून आमच्या मांडवावर आहे. त्याला फुप्फुसं कधीच नव्हती. यकृत होतं, पण ते गेल्या वर्षीच काढून उकळलं. त्याचं तेल होऊन तुम्हीच प्यायला असाल.”

आधी कुणाला काही कळेना. मग मागच्या बाकावरून एक म्हातारी खुसखुसली. मग हसू भिंतीभिंतीला आपटलं.

“दुःखानं हिचं डोकं...” टोरलाइफ म्हणाला.

“अजून एक बाटली आहे.” तिनं ती पुढं केली. हालवारची. “आज सकाळी मीही ही दोन तास बर्फात ठेवली होती. बघा. निवळशंख. ज्याची आहे तो गुरुवारपासून मातीत आहे. बाटलीच्या मते त्याची तब्येत अजूनही उत्तम आहे.”

आता कुणी हसलं नाही.

“तेल दोन तऱ्हेचं असतं,” गुनवोर म्हणाली. आवाज शांत होता, फक्त हात टेबलावरच्या बाटल्या उगाच पुढंमागं सरकवत होते. “यकृतातून नुसतं काढलेलं तेल थंडीत थिजतं. त्यात जड चरबी असते, ती पांढरी होऊन तळाशी बसते. कारखान्यात तेल आधीच थंड करतात, ती चरबी गाळून काढतात. मग ते तेल बर्फातही स्वच्छ राहतं. मी अकरा वर्षं हेच तपासत होते. यांच्या पलंगाखाली दोन डबे आहेत. नवा माणूस आला की निळ्यातलं. दोन महिन्यांनी अर्धं अर्धं. आणि बरा झाला म्हणायची वेळ आली की लालमधलं.”

“पण रोग तळाला बसलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला!” योरुन म्हणाली.

गुनवोरनं योरुनची गढूळ बाटली उचलली, अंगरख्याच्या आत काखेत धरली. मग चुलीजवळ गेली. लोक वाट बघत होते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक चतुर्थांश फिरला. तिनं बाटली काढून योरुनच्या हातात दिली. पांढरं जवळजवळ विरलं होतं.

“बरी झालीस बघ,” ती म्हणाली. “माझ्या काखेनं तुझा संधिवात घालवला.”

“निळ्या डब्यातलं तेल तो माझ्याकडूनच भरून नेतो,” कोपऱ्यातून एलियास म्हणाला. जन्मभर यकृतं उकळून तेल काढलेला म्हातारा, हालवारचा जुना सोबती. तो उठला नाही, टोपी दोन्ही हातांनी पिळत राहिला. “थिजतं ते. ते मला माहीत होतंच. पण आमच्या बापानं शिकवलं होतं, निवळ ते चांगलं, गढूळ ते वाईट. जन्मभर तेल तसंच पारखलं. म्हणून हा म्हणाला की माणूसही तसाच पारखता येतो, तर वाटलं, असेल बुवा.” तो योरुनकडे वळला. “आणि पोरी, ते सहा चमचे बंद कर. तरुणपणी मी बर्फावर शिकारीला होतो तेव्हा पांढऱ्या अस्वलाचं यकृत कुणी खाऊ देत नसे. ज्यांनी खाल्लं त्यांची कातडी सोलपटून निघाली. तुझी बोटं बघ जरा.”

“तेच आहे,” गुनवोर म्हणाली. “त्यातही आणि तेलातही तेच ‘अ’ जीवनसत्त्व. चमचाभर पोसतं, वाटीभर मारतं. वर वड्यांमधून आणखी. तुझ्या अंगातून भाडेकरू जात नाहीये योरुन, नवा आत घुसतोय.”

योरुननं डोक्याचा रुमाल हातानं चाचपला. कुणीतरी टोरलाइफच्या दिशेनं एक शिवी हासडली. टोरलाइफ मात्र डगमगला नव्हता. त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि गुनवोरकडे बोट केलं.

“छान! फारच छान! अकरा वर्षं कारखान्यात! एवढी तेलाची पंडित! मग बाईसाहेब, ऑक्टोबरात का नाही बोललात? चार महिने इथंच उभ्या होतात. माझ्या सभेत कॉफी वाढत होतात! की तेव्हा माहीत नव्हतं?”

सगळ्या माना गुनवोरकडे वळल्या. ‘तेव्हा माहीत नव्हतं’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. सगळ्यांनी मानही डोलावली असती. आठवडाभर एका जागी न ठरलेले तिचे पाय आता पहिल्यांदाच स्थिर होते.

“माहीत होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच शनिवारी, पहिली बाटली निघाली तेव्हा. त्या दिवशी घरी गेल्यावर बाबा हसले. दोन वर्षांनी. मी मनात म्हटलं, तेलच आहे, असू दे. मला ते हसू हवं होतं. गोळ्यांचं बोलणंही मी त्या दारात उभं राहून ऐकलं होतं. म्हटलं, आपले बाबा एवढे खुळे नाहीत. माणूस खुळा असावा लागत नाही. त्याला बरं व्हायचं असतं, एवढं पुरतं.”

एलियासनं टोपी पिळायची थांबवली.

“हा माणूस खोटं बोलला, पण त्याला ते करता आलं, कारण ज्यांना कळत होतं ते गप्प होते. म्हणून सांगते. हिवाळ्यात चमचाभर तेल घ्या, आपल्या आजोबांनी घेतलं तसं. पण तो चमचा आहे, देव नव्हे. डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाकू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर विचारा. डब्यात काय आहे? दुसऱ्या डब्यात काय आहे? हेच सुक्या माशाला लावलं तर काय होतं? विचारल्यानं घरातलं कुणी रुसेल. रुसू दे. रुसलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्याहारीला येतो.”

तिनं टेबलावरची बापाची बाटली हातात घेतली. त्या सोनेरी तेलातून मेणबत्तीची ज्योत दिसत होती, आणि ज्योतीमागची रिकामी जागा.

“बाबा, तुम्ही मला सरळ विचारलं होतं. मी म्हटलं, तेल चांगलं आहे. तेल चांगलंच होतं. ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. तुम्ही आजारी होता, बाबा. तुमच्या बुटांच्या नाड्या सैल सोडलेल्या होत्या. आणि मला दिसत होतं.”